जुन्या लॅपटॉपवर हायकू टाकू की फ्रीबीएसडी?

सीताबर्डीवरून सेकंडहँड लॅपटॉप घेतलाय, रॅम २ जीबी, अन् काम काय तर लिहिणं-वाचणं, गाणी ऐकणं, तर सरळ हायकू बघा, ही विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. २००१ मध्ये बीओएस (BeOS) या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमचा कारभार आटोपला तेव्हा सुरू झालेला हा प्रकल्प, २०२४ ला पाचवा बीटा, म्हणजे चाचणी आवृत्ती, आला, पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा ना, डेस्कटॉप पटकन समोर येतो. मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे फाइललाच माहिती चिकटते, गाण्यांच्या फोल्डरमध्ये गायक, वर्ष असे कॉलम दिसतात आणि त्यावर शोधताही येतं, वेगळं अ‍ॅप लागतच नाही. सोबतचा ब्राउझर मात्र जड साइटवर अडखळतो.

फ्रीबीएसडी हीसुद्धा मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, १९९३ पासूनची, खणखणीत. डेस्कटॉप सहसा नंतर स्वतः टाकावा लागतो, हँडबुक, म्हणजे तिची अधिकृत माहितीपुस्तिका, उघडून बसायची तयारी हवी. पण घरी फोटो-फायलींचा सर्व्हर करायचा असेल तर हेच घ्या, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात मधेच लाइट गेली तरी झेडएफएस (तिच्यातली फाइली साठवायची व्यवस्था, म्हणजे फाइलसिस्टीम) जुन्या डेटावर न लिहिता नवीन जागी लिहिते, म्हणून फाइलसिस्टीम सहसा बिघडत नाही. त्यासाठी रॅम ४ जीबी तरी ठेवा.

वायफाय आधी तपासा, हायकूचे बरेच नेटवर्क ड्रायव्हर फ्रीबीएसडीकडूनच आलेत, एकात कार्ड चाललं नाही तर दुसऱ्यातही अडू शकतं.