अडीचशे वर्षांचा वाडा आणि भिंतीवरची मोटार

महेश्वरला जायचा बेत असेल आणि इन्स्टाग्रामवर कुणी ‘होळकरकालीन वाड्यात मुक्काम, थेट बुकिंगवर सूट’ म्हणून बोलावत असेल, तर पैसे पाठवण्याआधी आमचं काय झालं ते वाचा. जागेचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, आणि तसंही ते नाव आता राहिलेलं नाही.

२०२५ च्या डिसेंबरात सासूबाईंना पंच्याहत्तर पूर्ण झाली. मी त्यांना आईच म्हणते. त्यांचं बालपण इथे इंदुरात, रामबागेतल्या वाड्यात गेलं. चौक, ओटी, माजघर, डोक्यावर कडीपाट. नव्वदच्या दशकात तो वाडा पाडून तिथे फ्लॅट झाले, आणि तेव्हापासून आई त्या गल्लीतून जायचं टाळतात. हॉल घेऊ, केक कापू, चार लोकांना जेवायला बोलावू, असं आम्ही म्हणत होतो. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला: “मला एक रात्र वाड्यात झोपव. पडल्या पडल्या वर तुळई दिसली पाहिजे, बाकी काही नको.”

पुण्याहून धाकटे दीर आणि जाऊ येणार होते. म्हणजे तीन खोल्या, दोन रात्री. महेश्वरच्या किल्ल्यातलं हॉटेल आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं. मग रात्री सगळं आवरल्यावर मी मोबाईल घेऊन बसले आणि तिथेच घसरले.

फोटो असे होते की कुणीही घसरावं. कमानींचा चौक, भिंतीभर निळ्या-तांबड्या रंगातली चित्रं, हत्ती, घोडे, राजे. एका फोटोत तुळशीवृंदावन, एकात समया. खाली लिहिलेलं: अडीचशे वर्षांपूर्वीचा सरदारी वाडा, अहिल्यामातेच्या काळातला. मी मनात हिशेब केला. अहिल्याबाईंचा कारभार १७६७ ते १७९५, राजधानी महेश्वर, म्हणजे तेव्हा सरदारांचे वाडे तिथे असणारच. आकडा जुळला. आकडा जुळला की फोटोकडे कोण बघतंय!

फोन लावला तर पलीकडून स्वच्छ मराठी. “काकू, तुम्ही इंदूरच्या? मग आपलेच की!” आम्हा इंदूरकरांचं काय आहे, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, त्यामुळे नर्मदाकाठावरून कुणी ‘काकू’ म्हटलं की निम्मी अक्कल तिथेच गहाण पडते. खोलीचा भाव साडेआठ हजार, पण “ॲपवाल्यांना कमिशन कशाला द्यायचं, तुम्ही थेट करा, साडेसहा लावतो.” तीन खोल्या, दोन रात्री, ३९,००० रुपये. अर्धे आगाऊ. मी १९,५०० पाठवले.

पाठवताना यूपीआयवर समोरच्याचं नाव येतं ना, तिथे कुठल्याशा हार्डवेअर अँड सॅनिटरीचं नाव आलं. मी विचारलं. “भावाचं खातं आहे काकू, वाड्याचं खातं ऑडिटला गेलंय.” खातं ऑडिटला जातं का कधी? पण मी ‘बरं’ म्हटलं. आठवड्याने पुन्हा फोन: सगळे पैसे आधी भरले तर आजींसाठी खोलीत फुलांची आरास आणि संध्याकाळी नावेतून दीपदान, आमच्याकडून. ‘आजींसाठी’ हा शब्द त्याने बरोबर हेरला होता. उरलेले १९,५०० पण गेले. पावती म्हणून व्हॉट्सॲपवर हात जोडलेली इमोजी आली.

आम्ही महू ओलांडून जाम घाटाने गेलो. जाम दरवाज्यापाशी थांबून चहा, भुट्टा, फोटो. आई खुशीत होत्या. अडीचच्या सुमारास महेश्वर. पत्त्यावर पोचलो तर खरोखरच जुना दरवाजा समोर! भक्कम साग, लोखंडी फुल्या, दिंडी दरवाजा वेगळा. दारात तो उभा, हातात झेंडूचे हार. आईंना वाकून नमस्कार केला, हार घातला, आमचा सगळ्यांचा फोटो काढला. मग म्हणाला, “एक छोटीशी अडचण आहे काकू. आत वाळवीचं औषध मारलंय, वास फार आहे, आजींना त्रास होईल. तुमची सोय ॲनेक्समध्ये केलीय. तोही त्याच वाड्याचा भाग, अगदी तसाच.”

ॲनेक्स म्हणजे मागे दोन गल्ल्या सोडून तीन मजली सिमेंटची इमारत. समोर फायबरचे झरोके चिकटवलेले. खोलीत शिरलं की नव्या रंगाचा वास, लॅमिनेटचा पलंग, छताला पीओपीच्या पट्ट्यांवर तपकिरी रंग मारून ‘तुळया’ केलेल्या. बाथरूम मात्र चकाचक. सॅनिटरीचं दुकान, शेवटी.

ह्यांचं आणि दिरांचं खाली भांडण सुरू झालं. पैसे परत? “नॉन-रिफंडेबल आहे ना सर, सांगितलं होतं.” नव्हतं सांगितलं. दुसरीकडे जावं तर सुट्ट्यांची गर्दी, चार ठिकाणी फोन केले, एकाच जागी तीन खोल्या कुठेच नाहीत, आणि आईंचे गुडघे दिवसभरच्या प्रवासाने सुजलेले. ह्या लोकांना हे सगळं पाठ असतं. म्हातारं माणूस बरोबर असलेलं कुटुंब दुपारी तीन वाजता परत फिरत नाही.

वर आई गप्प बसल्या होत्या. मग उठल्या, व्हरांड्यातल्या खांबापाशी गेल्या आणि बोटाच्या पेराने टकटक केलं. ढब ढब असा पोकळ आवाज आला. खाली वाकून बघितलं. मला म्हणाल्या, “तळखडा कुठाय?” तळखडा म्हणजे लाकडी खांबाखालचा दगड. जमिनीची ओल खांबाला लागू नये म्हणून वाड्यात खांब नेहमी दगडावर उभा असतो. इथला ‘खांब’ सरळ व्हिट्रिफाइड टाइलमध्ये घुसलेला, आणि फटीत पांढरं सिलिकॉन. “आणि वाळवी म्हणे,” आई पुढे म्हणाल्या, “जुन्या पक्क्या सागाला वाळवी सहसा तोंड लावत नाही गं. आमच्या वाड्याच्या तुळया पाडायच्या दिवशीसुद्धा ठणठणीत होत्या. कंत्राटदाराने आधी त्याच उचलल्या.”

रात्री आमच्या मुलीने ते सुरुवातीचे फोटो गूगल लेन्समध्ये टाकले. दोन मिनिटांत सापडले. चौक, कमानी, हत्ती-घोडे, सगळं राजस्थानात शेखावाटीतल्या एका हवेलीचं. तिकडच्या मारवाडी सावकारांच्या हवेल्या अशा चित्रांनी मढवलेल्या असतात. तुळशीवृंदावनाचा फोटो आणखी कुठला तरी. मुलीने एक फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला. राजांच्या रांगेच्या शेवटी, कमानीच्या वर, भिंतीवर एक मोटारगाडी रंगवलेली होती. चाकं, दिवे, आत टोपीवाला ड्रायव्हर. अहिल्याबाईंच्या काळातल्या सरदाराच्या वाड्यावर मोटार! हा फोटो मी निदान वीस वेळा पाहिला होता. जावेला पाठवला होता, तिने त्यावर बदाम टाकला होता. घरातल्या एकाही शहाण्याला मोटार दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर गेलो. तिथला अहिल्याबाईंचा राजवाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे की तो म्हणायला राजवाडा, दिसायला साधा लाकडी खांबांचा वाडा. गादी, देवघर, ओसरी. आई एका खांबापाशी थांबल्या. हात लावला, खाली तळखडा बघितला आणि मला नुसती मान हलवून दाखवलं. तासभर तिथेच ओसरीवर बसून राहिल्या. वाढदिवस झाला तो तेवढा.

संध्याकाळी घाटावर गेलो तर फुकटच्या दीपदानाची नाव अर्थातच आली नाही. आम्ही स्वतः नाव ठरवली. नावाड्याला कुठे उतरलात म्हणून विचारल्यावर सांगितलं, तसा तो हसायला लागला. “वो पुराना दरवाजा? वो बाड़ा तो बरसों से बंद है, भाइयों का केस चल रहा है. ये आदमी बस उसके ओटले पे खड़ा होके हार पहनाता है.” म्हणजे ज्या दारात आमचा हसरा फोटो काढला, त्या दाराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मागच्या इमारतीत खोली किती पडते, तेही नावाड्याने सांगितलं: दीड हजार, सीझनलासुद्धा. आमचे ३९,०००, खरा हिशेब ९,०००.

निघताना बिल समोर आलं. छापील नाही, वहीतल्या कागदावर. ‘हेरिटेज मेंटेनन्स’ खोलीमागे रोजचे ५००, म्हणजे ३,०००. शिवाय जीएसटी १८ टक्के, ७,०२०. इथे मात्र मी अडले. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. त्याआधी १२ होता. १८ टक्के लागतो तो त्याहून महाग खोल्यांना. मी म्हटलं, जीएसटी नंबर घालून पक्कं बिल द्या, भरते. “राहू द्या काकू, तुमच्यासाठी जीएसटी माफ.” सरकारचा कर हा माणूस ओट्यावर उभा राहून माफ करत होता. तीन हजारांसाठी मात्र गाडीपुढे मोटरसायकल आडवी लावली. आई गाडीत बसल्या होत्या. दिले. एकूण ४२,०००.

आता कामाचं. घरी आल्यावर मी आधी १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावायला निघाले होते. शेजारच्या वकीलकाकांनी समजावलं: पैसे घेऊन समोरचा गायब झाला, हॉटेलच अस्तित्वात नाही, बुकिंगच नाही, असं असेल तर १९३०, आणि तेही पहिल्या तासाभरात, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. आमच्यासारखं, म्हणजे दाखवलं एक आणि दिलं दुसरं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे तक्रार नोंदवली. त्यावर त्या माणसाचं उत्तर आलं की पाहुणे दोन्ही रात्री राहिले, काही तक्रार केली नाही. तोंडी भांडलो ते हवेत गेलं. सुदैवाने मुलीने पहिल्याच रात्री त्याला व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं: फोटोतला वाडा हा नाही, पैसे परत करा. सोबत तिने पोकळ खांबाचा व्हिडिओ पाठवला होता, आई टकटक करतायत तो. दोन निळ्या टिका आलेल्या. आमच्या हातात पुरावा म्हणून एवढंच आहे, आणि यूपीआयच्या पावत्या. दीपदानाचं कबूल केलेला त्याचा मेसेज नंतर ‘डिलीट’ झाला. त्याचा स्क्रीनशॉट घ्यायचं मला सुचलं नव्हतं.

मग जिल्हा ग्राहक आयोग. मला वाटत होतं महेश्वर खरगोन जिल्ह्यात, म्हणजे तारखांना खरगोनला खेटे घालायचे. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आमची इंदुरातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. कागद जोडताना ह्यांची दोन संध्याकाळ चिडचिड झाली, पण झालं.

त्या निमित्ताने हेही कळलं की ‘हेरिटेज हॉटेल’ हा केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा रीतसर वर्ग आहे. इमारत १९५० च्या आधीची हवी आणि निदान पाच खोल्या हव्यात. आमच्या आई १९५० च्या. म्हणजे ह्या हिशेबाने वास्तू आईंपेक्षा वयाने थोरली पाहिजे. वर्गीकरण सक्तीचं नाही, त्यामुळे प्रमाणपत्र नसलेला प्रत्येक वाडा खोटा असं नव्हे, पण फोनवर विचारायला काय जातंय? मी आता विचारते. आणि आणखी एक विचारते: आत्ता, फोन चालू असताना, व्हिडिओ कॉल लावा, चौकात उभे राहा आणि खांबाखाली कॅमेरा न्या. जाऊ म्हणते, हे जरा अति होतं. होऊ दे. खऱ्या वाडेवाल्याला खांब दाखवायची हौसच असते.

पुढची तारीख फेब्रुवारीत आहे. मागच्या आठवड्यात मुलीने नवीन एक अकाउंट दाखवलं. ह्या वेळी मांडूचं, ‘राणी रूपमतीच्या काळातली हवेली’, थेट बुकिंगवर सूट. फोन नंबर वेगळा. चौक तोच, आणि कमानीच्या वर मोटारही तीच.