गुदौरी, वेंगेन, शिंबुलाक की निसेको? नागपूरहून निघणाऱ्या मिश्र गटासाठी स्कीइंगच्या ठिकाणांची तुलना

नागपूरहून स्कीइंगसाठी परदेशी निघणाऱ्या गटात बहुधा तीन प्रकारची माणसे असतात: गुलमर्ग किंवा औलीला शिकून आलेले दोघे-तिघे, प्रथमच पायाला स्की बांधणारे बाकीचे तरुण व मुले, आणि बर्फ पाहायचा आहे पण त्यावरून घसरायचे नाही असे स्पष्ट सांगणारे आई-वडील. ठिकाणाची निवड मात्र बहुतेक वेळा पहिल्या प्रकारच्या हाती जाते आणि उतारांची एकूण लांबी व शिखराची उंची पाहून केली जाते. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. नवशिक्यांचा उतार कोठे आहे, स्की न करणाऱ्याला डोंगरावर जाता येते का, आणि दुपारच्या जेवणाला सर्वांना एका जागी जमता येते का, हे आधी पाहावे. अनुभवी माणसाच्या समाधानाचा विचार त्यानंतर करावा. गुलमर्ग अनुभवींना प्रिय असूनही मिश्र गटाला अपुरे पडते ते याचमुळे. पायथ्याशी अगदी सौम्य उतार, वर थेट अवघड डोंगर, आणि मधल्या पायऱ्या फारच थोड्या.

जॉर्जियातील गुदौरी हे तिबिलिसीपासून सुमारे १२० किलोमीटरवर, कॉकेशस पर्वतात आहे. येथील उतार साधारण २,००० मीटरपासून ३,२७० मीटरपर्यंत पसरलेले असून जवळजवळ सर्वच वृक्षरेषेच्या वर आहेत. त्यामुळे ते रुंद आणि मोकळे आहेत. वळण चुकले तरी झाडावर आदळण्याची भीती नसल्याने नवशिक्याला धीर येतो आणि दोन-तीन दिवसांच्या शिकवणीनंतर तो निळ्या, म्हणजे सोप्या उतारांवर लांबवर जाऊ शकतो. मात्र ढग उतरले की हीच मोकळीक अंगाशी येते. झाडांचा आधार नसल्याने पांढऱ्या प्रकाशात चढ कोणता आणि खळगा कोणता हे डोळ्यांना कळेनासे होते, आणि ज्याला नीट थांबता येत नाही त्याने अशा दिवशी वर न गेलेलेच बरे. म्हणून गुदौरीच्या बेतात एक दिवस हातचा राखावा. घसरायचे नसलेल्यांसाठी गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे आहे. जवारी खिंडीपलीकडील स्तेपानत्समिंदा हे गाव आणि गेर्गेतीचे चर्चही पाहण्यासारखे आहे, परंतु जोरदार हिमवृष्टीत तो रस्ता बंद होतो, हे गृहीत धरावे. खर्च स्वित्झर्लंडच्या तुलनेत बराच कमी येतो. शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत: चीज भरलेली खाचापुरी, राजम्याचे सारण असलेली लोबियानी आणि अक्रोडाच्या वाटणातील वांगी सहज मिळतात.

स्वित्झर्लंडमधील वेंगेन हे गाव १,२७४ मीटर उंचीवर असून तेथे मोटारी येत नाहीत; लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांच्या आगगाडीने वर जावे लागते. मिश्र गटासाठी याहून चांगली रचना मला माहीत नाही. नवशिक्यांचा उतार गावाच्या मध्यात आहे, आणि २,०६१ मीटरवरील क्लाइन शायडेग या स्थानकावर रेल्वे व स्कीचे उतार एकत्र येतात. गुडघेदुखी असलेले आजोबा आगगाडीने तेथे पोहोचून आयगर शिखरासमोर गरम सूप घेत बसलेले आहेत आणि नातवंडे स्कीवरून तेथेच येऊन थांबत आहेत, हे येथे रोजच शक्य आहे. तेथूनच ३,४५४ मीटरवरील युंगफ्राउयोख या खिंडीची गाडी सुटते. अनुभवींसाठी १९३० पासून चालत आलेल्या लाउबरहॉर्न शर्यतीचा सुमारे साडेचार किलोमीटरचा मार्ग आहे. शर्यत नसताना तो इतरांनाही खुला असतो. जानेवारीच्या मध्यातील शर्यतीचा आठवडा टाळावा, कारण तेव्हा गावात खोली मिळणे कठीण असते. दोष दोनच, पण दोन्ही मोठे. एक म्हणजे खर्च, आणि दुसरा म्हणजे गावाची कमी उंची, ज्यामुळे उबदार हिवाळ्यात खालचे उतार कृत्रिम बर्फावर अवलंबून राहतात.

कझाकस्तानातील शिंबुलाक हा निम्म्याहून अधिक लोक स्की करणार नसतील तेव्हाचा पर्याय आहे. मुक्काम अल्माटी शहरात ठेवून मेदेऊच्या प्रसिद्ध स्केटिंग मैदानाजवळून गोंडोलाने वर जाता येते, आणि १४ दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही. परंतु उतार मोजके आहेत, चांगला स्कीपटू तीन दिवसांत कंटाळेल. शिवाय सुमारे ३१० मीटरवरील नागपुरातून निघालेल्या माणसाने तालगार खिंडीत, म्हणजे ३,२०० मीटरवर, पहिल्याच दिवशी जाऊ नये.

जपानमधील निसेकोत हा उंचीचा त्रास मुळीच नाही. डोंगरमाथाच १,३०८ मीटरचा आहे. मऊ, कोरडा आणि विपुल बर्फ, इंग्रजीतून शिकवणारे प्रशिक्षक, रात्रीच्या दिव्यांत चालणारे उतार आणि वडीलधाऱ्यांसाठी गरम पाण्याची कुंडे असे सर्व काही येथे आहे. पण नागपूरहून प्रवास सर्वांत लांबचा आहे, आणि माशाचा अर्क बहुतेक रश्श्यांत असल्याने कडक शाकाहाऱ्यांना स्वयंपाकघर असलेली निवासव्यवस्थाच घ्यावी लागेल.

उरलेल्या तीन ठिकाणांसाठी नागपूरहून दोहामार्गे विमानप्रवास सोयीचा पडतो. विदर्भातील शाळा उर्वरित राज्याहून उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून काही जण जूनमध्ये न्यूझीलंडचा विचार करतात. तेथील हंगाम तेव्हा नुकताच सुरू होत असतो आणि नवशिक्यांसह एवढ्या दूर जाऊन अर्धवट उघडलेला डोंगर पाहण्यात अर्थ नाही. मुलांच्या परीक्षांमुळे नाताळची सुट्टीच सोयीची असेल, तर उंचीवरच्या बर्फाच्या भरवशावर गुदौरी घ्यावे. मार्चच्या मध्यात निघता येत असेल आणि खर्चाची तयारी असेल, तर वेंगेन घ्यावे. पहिल्यांदाच जाणाऱ्या, आठ-दहा जणांच्या गटाला मी गुदौरीच सुचवीन.

स्की, बूट व शिरस्त्राण तेथेच भाड्याने घ्यावेत. हिवाळ्यात नागपुरात लागणाऱ्या तिबेटी बाजारातील स्वेटर आत घालण्यास चालतील, वरचा जलरोधक पोशाख मात्र हवाच. स्वित्झर्लंडला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे, पण साध्या प्रवास विम्यातून स्कीइंग अनेकदा वगळलेले असते. म्हणून पॉलिसीतील अपवादांची यादी वाचून, डोंगरावरून सुटका करून खाली आणण्याचा खर्च तिच्यात समाविष्ट आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.