चर्चमधल्या कुरबुरींवरचं दोन दिवसांचं ट्रेनिंग: पहिला दिवस भारी, दुसरा ढिला (साडेतीन स्टार)

आमच्या चर्चने बाहेरची टीम बोलावून हे ट्रेनिंग ठेवलं होतं, मंडळीत लोक एकमेकांना टोचून बोलतात, डावलतात, त्याचं काय करायचं यावर. मी जाणारच नव्हते, कारण आमच्या क्वायरमध्ये, म्हणजे चर्चमध्ये गाणाऱ्या ग्रुपमध्ये, नुकतंच एक प्रकरण झालेलं आणि वाटलं परत तेच "माफ करा, प्रेम करा" ऐकायला लागणार. पण तसं झालं नाही.

पहिला दिवस पूर्ण बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायावर, १५ ते १७ ही तीनच वचनं, कोणी आपलं वाईट केलं तर काय करायचं त्यावर. आधी एकट्याने जाऊन बोल, नाही ऐकलं तर अजून एकदोघांना घेऊन जा, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. पाठ असतं हो सगळ्यांना, पण आपण करतो बरोब्बर उलट, आधी अख्ख्या मंडळीला कळतं आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सगळ्यात शेवटी. ट्रेनरनी जोड्या पाडून प्रत्यक्ष बोलायला लावलं, नियम एकच, "तू नेहमीच" असं म्हणायचं नाही, काय झालं आणि कधी झालं तेवढंच सांगायचं. सोपं वाटतं ना? मला तीनदा थांबवलं. मग त्यांनी "प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते हं, कुठे बोलू नकोस" वाल्या गप्पांची नक्कल केली, हॉल हसला, पण निम्मे जण खाली बघत होते, मीपण.

आणि मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला "परराष्ट्रीय किंवा जकातदार" (म्हणजे कर गोळा करणारा) समज, ते वचन, जे आमच्याकडे माणसाला वाळीत टाकायचं लायसन्स असल्यासारखं वापरतात, त्यावर ट्रेनर म्हणाले की अहो ज्या मत्तयाच्या नावाने हे शुभवर्तमान आहे तोच जकातनाक्यावर बसायचा आणि येशू त्याच्यासारख्यांच्या पंगतीला बसला. इतकी वर्षं वाचतेय, हे कधी जोडूनच बघितलं नव्हतं.

प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचा ४था अध्याय पण झाला थोडासा, तिथल्या युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं भांडण. पौलाने दोघींची नावं सरळ पत्रात घातली, म्हणजे मंडळीत मोठ्याने वाचली गेली असतील, कल्पना करा त्या दिवशी दोघी कुठे बघत असतील!

दुसऱ्या दिवशी गाडी घसरली. एका मुलीने विचारलं, वाईट वागणारे पाळक किंवा वडील (म्हणजे मंडळीचे पुढारी) असतील तर? उत्तर आलं, तेही भाऊच आहेत, आधी एकट्याने जाऊन बोला. अरे पण संडे स्कूलमध्ये शिकवणारी विशीतली पोरगी, सगळ्यांसमोर जो तिच्यावर ओरडतो त्याच्याच केबिनमध्ये एकटी जाणार? अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र चुकला तेव्हा पौल त्याला सगळ्यांसमोर बोलला, बायबलमध्येच गलती २ मध्ये स्वच्छ लिहिलंय. १ तीमथ्य ५ मध्ये वडिलांवरच्या आरोपासाठी दोन-तीन साक्षीदार मागितलेत, पण लगेच पुढे दोषी असतील तर सर्वांसमोर कानउघाडणी करा, पक्षपात नको असंही आहे. पहिलं वचन स्लाइडवर होतं, पुढचं नव्हतं. आणि धमकी, मारहाण, नको तिथे हात लावणं ह्या गोष्टी एकट्याने बोलून मिटवायच्या नसतातच, तिथे पोलीस, हे शेवटच्या दहा मिनिटांत घाईघाईत उरकलं, हँडआउटमध्ये तर एक ओळ नाही.

मला सगळ्यात खटकलं ते म्हणजे बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा ६वा अध्याय कोणी काढलाच नाही. सुरुवातीच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावललं जायचं, तक्रार झाली, तेव्हा प्रेषितांनी विधवांना सहनशीलतेवर प्रवचन दिलं नाही, वाटपासाठी सात माणसं नेमली, आणि सातही नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुतेक त्यांच्यातलेच. दोन दिवस नुसतं मन बदला, बोलणं बदला चाललेलं, पण क्वायरमध्ये एकटीने गायचा सोलो कोणाला द्यायचा हे एकच घर ठरवत असेल तर किती गोड बोलणार हो?

तरी फुकट गेलं असं नाही म्हणणार. पुढच्या आठवड्यात जिच्याशी ते प्रकरण झालेलं त्या क्वायरवालीकडे मी एकटी गेले, "नेहमीच" न म्हणता बोलले. तिने नीट ऐकून घेतलं, सॉरीपण म्हणाली, आणि मग माझ्याबद्दलची वर्षभर जुनी तक्रार काढली, तारखेसकट. ती माझ्याशेजारच्याच जोडीत होती ट्रेनिंगला.