राजवाड्याजवळ मिळणारी न रंगवलेली लोकर

इंदुरात राजवाड्याजवळच्या एका जुन्या दुकानात मेंढीच्या शुद्ध लोकरीच्या, न रंगवलेल्या 100 ग्रॅमच्या लड्या मिळतात. घरी रंगवता यावे म्हणून सोबत तुरटीची पुडी आणि एक छापील पत्रक दिले जाते. बाजारात ‘लोकर’ म्हणून सर्रास विकले जाते ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असते आणि त्यावर स्वयंपाकघरातले रंग धरत नाहीत. म्हणून मी आधी एक धागा जाळून पाहिला. केस जळल्यासारखा वास आला आणि काळी राख बोटांत सहज चुरली. अ‍ॅक्रिलिक असते तर वितळून कडक मणी झाला असता. माल अस्सल आहे आणि महाग असला तरी किमतीला न्याय देणारा आहे.

तुरटी लोकरीच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के लागते. पुडीत तेवढी असते. चोइथराम मंडीत कांद्याच्या पोत्यांच्या तळाशी साचलेली कोरडी साले मागितली तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. लोकरीइतक्याच वजनाची साले उकळून गाळलेल्या पाण्यात, तुरटीत मुरवलेली ओली लडी मंद आचेवर ठेवली, तेव्हा आधी फिकट पिवळा आणि हळूहळू गर्द, केशराकडे झुकणारा सोनेरी रंग चढत गेला. धुतानाही तो फारसा उतरला नाही. डाळिंबाच्या सालीचा मोहरीसारखा पिवळा, गंजक्या खिळ्यांचे थोडे पाणी घालताच हिरवट राखाडी झाला, आणि मला तोच सर्वांत देखणा वाटला.

पत्रकाबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. त्यात लडी खळखळ उकळून सतत ढवळायला सांगितले आहे. तसे केल्यास लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून नमद्यासारखा (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडासारखा) गोळा होतो. पाणी 80-85 अंशांवर ठेवावे, लडी हलक्या हाताने फिरवावी आणि ती पातेल्यातच निवू द्यावी, कारण गरम लोकर एकदम गार पाण्यात घातली तरी ती आटते. बीटही सुचवले आहे, पण त्याचा गुलाबी रंग टिकत नाही. हळद सुरेख चढते, पण उन्हात लवकर विटते, एवढी सूचना तरी हवी होती.

स्वेटर विणायचा असल्यास लागतील तेवढ्या सगळ्या लड्या एकदम घ्याव्यात आणि एकाच मोठ्या स्टीलच्या पातेल्यात रंगवाव्यात. कांद्याच्या दुसऱ्या सालींतून नेमकी तीच छटा पुन्हा मिळत नाही.