लेआउटवरचं काँक्रीट जुनं करायचं: शाई, ऑइल कलर की पावडर?

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर संरक्षक भिंत, फलाट किंवा बोगद्याचं तोंड बसवून झालं की पुढचा प्रश्न असतो वेदरिंगचा, म्हणजे ते जुनं, वापरलेलं दिसेल असं रंगवण्याचा. काँक्रीटसाठी तीन वाटा जास्त वापरल्या जातात: अल्कोहोलमध्ये पातळ केलेली इंडिया इंक (काळी शाई), व्हाइट स्पिरिटमध्ये (रंग पातळ करायच्या द्रावकात) पातळ केलेला ऑइल कलर आणि कोरडी पिगमेंट पावडर (रंगाची भुकटी). तिन्ही चांगल्या आहेत, पण सगळीकडे चालणारी एकही नाही. माझं मत आधीच सांगतो. कोणती पद्धत आवडते ते बाजूला ठेवा आणि रंग कशावर लावायचा आहे ते आधी पाहा. प्लॅस्टर असेल तर शाई घ्या, प्लॅस्टिक असेल तर ऑइल. आडव्या जागा, म्हणजे फलाट आणि रस्ते, पावडरच्या.

आधी मूळ रंग

बहुतेक काँक्रीट इथेच फसतं. काळा आणि पांढरा मिसळून केलेला राखाडी रंग मॉडेलवर निळसर दिसतो आणि भिंत प्लॅस्टिकची वाटते. उन्हापावसात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या काँक्रीटच्या राखाडीत पिवळट-तपकिरी झाक असते. तामिया या मॉडेलच्या रंगांच्या ब्रँडचा एक्सएफ-५५ डेक टॅन मला सुरुवातीसाठी सगळ्यात भरवशाचा वाटतो. नवं बांधकाम दाखवायचं असेल तर त्यात पांढरा मिसळा, जुनं दाखवायचं असेल तर थोडा एक्सएफ-५७ बफ. हा थर अखेरीस हवा त्यापेक्षा एक-दोन छटा फिकाच ठेवा, कारण पुढचा प्रत्येक वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, तो गडद करत जाणार आहे. लेआउटवर जे दिवे आहेत त्याच उजेडात रंग जुळवा. पिवळ्या बल्बखाली छान दिसलेला राखाडी पांढऱ्या एलईडीखाली वेगळाच निघतो.

खरखरीतपणाचं काय? दगडी पोत देणारा स्प्रे घ्यावासा वाटतो, पण हिशेब करून पाहा. एचओ हे मॉडेलचं माप म्हणजे १:८७. त्या मापावर अर्ध्या मिलिमीटरचा कण प्रत्यक्षातल्या सुमारे ४४ मिलिमीटरच्या खड्याएवढा होतो आणि एन स्केलवर, म्हणजे १:१६० ला, तोच ८० मिलिमीटरचा. साध्या शटरिंगच्या भिंतीवर एवढे खडे उघडे पडलेले नसतात. ओ स्केल या मोठ्या मापावर अगदी बारीक पोत खपून जातो. त्याहून लहान मापांवर पृष्ठभाग गुळगुळीत, मॅट ठेवा आणि फार तर रंगात चिमूटभर टाल्कम पावडर मिसळा. शटरिंगच्या फळ्यांचे आडवे ठसे आणि दोन ओतकामांमधली रेघ यांनी काँक्रीट जितकं पटतं तितकं खरखरीतपणाने पटत नाही.

शाई आणि अल्कोहोल

अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एक-दोन चमचे इंडिया इंक, एवढंच साहित्य. प्लॅस्टरवर हा वॉश फार सुंदर बसतो. प्लॅस्टर तो शोषून घेतं, फळ्यांच्या ठशांत आणि भेगांत शाई जास्त उतरते, सपाट भागावर कमी राहते आणि काही मिनिटांत सगळं वाळतं. ओला असताना वॉश भलताच गडद दिसतो, म्हणून वाळेपर्यंत पुढचा हात देऊ नका. खूप भिंती थोड्या वेळात करायच्या असतील तर याच्याइतकं वेगवान काही नाही.

याची खोट अशी की प्लॅस्टरमध्ये मुरलेली शाई परत निघत नाही. प्लॅस्टिकवर अडचण आणखी मोठी. तिथे शोषण नसल्यामुळे वॉश साचतो आणि वाळताना कडेला वलयं सोडतो. शिवाय तामियासारखे ॲक्रिलिक अल्कोहोलने सैल होतात, त्यामुळे खालचा मूळ रंगच ब्रशबरोबर उठून येऊ शकतो. मध्ये डलकोटसारख्या द्रावकावर आधारलेल्या मॅट लॅकरचा थर दिला तर अल्कोहोलमुळे त्यावर पांढरी झाक धरते. ती काँक्रीटला शोभतेही आणि काहीजण मुद्दाम आणतात. मात्र ती कुठे येईल ते आपल्या हातात नसतं, आणि वरून पुन्हा डलकोट मारलं की ती नाहीशी होते.

ऑइल कलर

प्लॅस्टिकच्या भिंतीसाठी मी डोळे मिटून ऑइल सुचवेन. ॲक्रिलिकचा मूळ रंग पूर्ण वाळलेला असला की व्हाइट स्पिरिट त्याला धक्का लावत नाही. आणि ऑइल सावकाश वाळतं, हाच त्याचा मोठा फायदा. न आवडलेला डाग पंधरा मिनिटांनीही पुसता येतो.

एक ओघळ कसा काढायचा ते पाहू. भिंतीतल्या पाणी निघायच्या छिद्राखाली टाचणीच्या टोकाएवढा रॉ अंबरचा (गडद तपकिरी ऑइल कलरचा) ठिपका ठेवा. चपटा ब्रश व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून टिश्यूवर जवळजवळ कोरडा करा आणि ठिपक्यातून सरळ खाली ओढा. ब्रश पुसा, पुन्हा ओढा. वर गडद आणि खाली विरत गेलेली रेघ मिळते. फार रुंद झाली तर स्वच्छ ब्रशने दोन्ही कडा आत घ्या. हे नियंत्रण शाईत नाही आणि पावडरमध्येही नाही.

ओघळ कुठे काढायचे ते पाण्याच्या वाटेवरून ठरवा. भिंतीचा माथा, छिद्रांची तोंडं आणि सांधे काळपट होतात, कारण तिथे ओल टिकते आणि शेवाळ धरतं. भेगांतून झिरपणारं पाणी सिमेंटमधला कॅल्शियम हायड्रॉक्साइड बाहेर आणतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो, आणि तेच भिंतीवरचे पांढरे ओघळ. ते नेहमी भेगेपासून किंवा सांध्यापासून सुरू होतात, भिंतीच्या मधोमध कारण नसताना कधीच नाही. लोखंडी गजावरचं काँक्रीट पातळ असेल तिथे गंजाचा ओघळ येतो; त्यासाठी बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग, पण एखाद-दोन जागीच. बोगद्याच्या कमानीवरची काजळी वाफेच्या किंवा डिझेल इंजिनांच्या मार्गावर हवी, फक्त विजेवर चालणाऱ्या मार्गावर ती दाखवू नका.

ऑइलची किंमत वेळात मोजावी लागते. पातळ थरालासुद्धा एक-दोन दिवस द्या. न रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या सांध्यांत व्हाइट स्पिरिट साचू देऊ नका, ताण असलेलं प्लॅस्टिक त्याने तडकू शकतं. भिंत फोमची असेल तर आधी पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकने ती पूर्ण झाकून घ्या. स्प्रे कॅनमधलं द्रावक उघडा फोम विरघळवतं. आणि काम करताना खिडकी उघडी ठेवा.

पिगमेंट पावडर

धुळीसाठी धुळीसारखंच काहीतरी लागतं, म्हणून फलाट, रस्ता आणि मालधक्का यांवर पावडर उत्तम. फलाटाच्या रुळांकडच्या बाजूला खालच्या भागात ब्रेकच्या लोखंडी भुकटीचा गंजट तपकिरी थर असतो. मऊ ब्रशने पावडर खालून वर विरवत नेली की तो अगदी पटतो. काँक्रीटच्या स्लीपरांनाही हाच रंग द्या.

उभ्या भिंतीवर मात्र पावडर फारशी टिकत नाही. मॅट व्हार्निश मारलं तर निम्मा परिणाम नाहीसा होतो, न मारलं तर बोट लागताच पुसली जाते. त्यामुळे ज्या भागाला सतत हात लागतो, उदाहरणार्थ रूळ साफ करताना टेकायची कड, तिथे ती वापरू नका. रुळांवर पडलेली पावडर चाकांवर जाऊन वीजप्रवाहात अडथळा आणते. काम झाल्यावर तिथे व्हॅक्यूम फिरवा आणि रूळ पुसा. पावडर फार बारीक असते, मास्क लावा.

एकच घ्यायचं असेल तर

ऑइलच्या तीन ट्यूब घ्या: रॉ अंबर, बर्न्ट सिएना आणि पांढरा. भिंती प्लॅस्टरच्या असतील आणि पुष्कळ असतील तरच आधी शाई आणा. तिन्ही वापरणार असाल तर क्रम बदलू नका. आधी शाई, ती वाळल्यावर ऑइल, दोन दिवसांनी मॅट व्हार्निश आणि सगळ्यात शेवटी पावडर. तिच्यावर पुन्हा व्हार्निश नको. उडाली तर तेवढ्या जागी परत लावता येते.