नडगीतला पू आणि अँटिबायोटिकचे मणी : नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या ऑर्थो हॉस्पिटलचा अनुभव

आम्ही पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षवाले. हायवेवरच्या अपघातात यांची नडगी मोडली, रॉड टाकला, आणि पुढे एका भोकातून पू यायचा काही थांबेना. आधीच्या ठिकाणी गोळ्या बदलून बदलून दिल्या. गोळ्या चालू तोवर बरं, बंद केल्या की पुन्हा तेच. म्हणून इथे आलो.

इथे पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी सगळ्या अँटिबायोटिक बंद केल्या. मी घाबरलेच. पण अंगात औषध असलं की कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, ते नीट वाढत नाहीत, म्हणून दोन आठवडे थांबायचं, आणि मग ऑपरेशनमध्येच हाडालगतचे पाच-सहा नमुने वेगवेगळ्या जागेचे घ्यायचे. मला या हॉस्पिटलचं सगळ्यात मोल वाटतं ते या सबुरीचं. रिपोर्टात दोन नावं आली, स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्यूडोमोनास. जुन्या रिपोर्टात पहिलंच होतं. पट्टीवर पडणारा हिरवट डाग दुसऱ्याचा होता.

हे जंतू रॉडवर चिकट थर धरतात, बायोफिल्म. त्या थरात बसलेल्यांना मारायला मोकळ्या जंतूंच्या शेकडो पट, कधी हजार पट औषध लागतं. तेवढं सलाईनमधून दिलं तर किडनीला झेपणार नाही. ठिबकच्या नळीत बुळबुळीत थर बसला की नुसतं पाणी सोडून तो निघत नाही, हे आम्हाला सांगावं लागलं नाही.

मग रॉड काढला, मेलेलं हाड खरवडून काढलं, जखम भरपूर धुतली, हाड धरून ठेवायला पायाच्या बाहेरून चौकट, म्हणजे फिक्सेटर लावला. आणि पोकळीत मणी भरले. ते कॅल्शियम सल्फेटचे, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचंच शुद्ध रूप. पावडरीत औषध कालवून सिलिकॉनच्या साच्यात दाबायचं, काही मिनिटांत घट्ट होतं. डॉक्टरांनी रिकामा साचा आम्हाला हातात देऊन दाखवला, बारीक बारीक खळगे असलेला. औषधं दोन घातली : स्टॅफसाठी व्हँकोमायसिन, स्यूडोमोनाससाठी जेंटामायसिन. व्हँकोमायसिन स्यूडोमोनासला लागूच पडत नाही, त्यामुळे एकावर भागलं नसतं. बोन सिमेंटचे, म्हणजे न विरघळणाऱ्या सिमेंटचे मणी काढायला पुन्हा ऑपरेशन लागतं, हे आपोआप विरघळतात. एक्स-रेत पांढरे टिपके दर खेपेला फिकट होत गेले. सोबत शिरेतूनही औषध चालू होतं, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि मण्यांमुळे कॅल्शियम रक्तात बघत होते. मणी म्हणजे जादू नाही. आतली सफाई नीट झाली नसती तर ते वाया गेले असते, असं डॉक्टरांनीच स्पष्ट सांगितलं.

तक्रार एक आहे आणि ती मनापासून करते. मणी विरघळताना जखमेतून पाणी येतं. घरी गेल्यावर पट्टी भिजली, आम्हाला वाटलं पू परतला, आणि रात्री गाडी काढून नाशिक गाठलं. ड्रेसिंगच्या सिस्टरने पाहताच सांगितलं की वास नाही, ताप नाही, हे मण्यांचं पाणी आहे. एवढं डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहायला हवं. मण्यांचा खर्चही विम्यात धरला नाही, तो आधी विचारून घ्या.

ओपीडीत थांबावं फार लागतं. येताना जुने एक्स-रे, ऑपरेशनची नोंद, सगळे कल्चर रिपोर्ट घेऊन या, डॉक्टर प्रत्येक कागद वाचतात. यांचा पू थांबला आहे, हाड जुळायचं बाकी आहे. फिक्सेटर निघाला की पुढचं इथेच लिहीन.