सीटीआरआय: कॅन्सरची ट्रायल शोधायची सरकारी साइट, विदर्भातल्या गावातून वापरायची तर

सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया. देशात चालणाऱ्या क्लिनिकल ट्रायल्सची, म्हणजे पेशंटवर उपचार तपासून बघणाऱ्या चाचण्यांची, ही आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची नोंदवही. २००७ पासून चालू आहे, बघायला पैसे लागत नाहीत. एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते, म्हणून माहितीवर भरवसा ठेवता येतो. मांडणी मात्र संशोधकांच्या सोयीची. सगळं इंग्रजीत, अन् मोबाइलवर तक्ते वाचता वाचता डोळे दुखतात. माझे गुण पाचपैकी साडेतीन.

नुसतं 'कॅन्सर' टाकलं तर ढीग निघतो. अवयवाचं इंग्रजी नाव टाका. अन्ननलिकेचं स्पेलिंग सुरुवातीला 'ओ' लावून आणि न लावता, दोन्ही तऱ्हेनं शोधा. नोंद उघडली की आधी साइट्सचा तक्ता पाहा. दवाखाना, पत्ता, संशोधक डॉक्टरांचा फोन तिथंच असतो.

मग कोणाला घेतात अन् कोणाला वगळतात, ते निकष. खरी गोम इथंच आहे. बऱ्याच ट्रायल्सना ईसीओजी (पेशंट किती हिंडता-फिरता आहे याचा आकडा) ० किंवा १ हवा असतो, म्हणजे पेशंट स्वतः हिंडता-फिरता, निदान हलकं काम करणारा. दिवसाचा बराच वेळ खाटेवर काढणारा बसत नाही. पित्ताशयाचे पेशंट बिलिरुबिनवर, म्हणजे रक्तातल्या काविळीच्या आकड्यावर, अडकतात. आधी पित्तनळीत स्टेंट (बारीक नळी) टाकून कावीळ उतरवावी लागते, अन् त्यात आठवडे जातात. हिमोग्लोबिनचीही अट असते. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या पेशंटला सिकलसेल असेल तर ते पहिल्याच फोनवर सांगा.

साइटची सगळ्यात कच्ची बाजू म्हणजे 'ओपन टू रिक्रूटमेंट', म्हणजे ट्रायलमध्ये पेशंट घेणं चालू असल्याची नोंद. भरती संपली तरी नोंद ताजी केलेली असेलच असं नाही. दवाखान्यात ट्रायलचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटरशी बोलल्याशिवाय एसटीत बसू नका. जाताना बायोप्सीचा नुसता कागद पुरत नाही, पॅथॉलॉजी लॅबमधून पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) मागून घ्या. सीटीची फिल्म नको, सीडी हवी.

फोनवर खर्चाचंही स्पष्ट विचारा. ट्रायलचं औषध फुकट असलं तरी सोबतची नेहमीची केमो, तपासण्या आणि प्रवास कोणाच्या खिशातून, हे प्रत्येक ट्रायलमध्ये वेगळं. वेळापत्रक विचाराच. कॅपॉक्स अन् फ्लॉट ही केमोच्या ठरलेल्या औषध-जोड्यांची नावं. कॅपॉक्स दर २१ दिवसांनी असतं, सलाइन पहिल्या दिवशी आणि गोळ्या घरी १४ दिवस. फ्लॉट दर १४ दिवसांनी, अन् त्यातलं एक औषध सलाइनमधून २४ तास चालतं. अहेरीहून येणाऱ्याला त्यासाठी नागपुरात मुक्कामाची सोय आधीच बघावी लागते.